किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप

"सर, मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं नेटवर्क आणि सिस्टिम सांभाळतो. वय ३१, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. १४० कॉम्प्युटर, दोन सर्व्हर, शॉपफ्लोअरवरची सीएनसी मशिन्स, कॅमेरे, आणि माणूस मी एकटा. मोठ्या मालकांना घरून टॅली बघायची असते, म्हणून रिमोट डेस्कटॉप (लांबून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायची सोय) सरळ इंटरनेटवर उघडून दे म्हणतात. बॅकअपसाठी वेगळी मशीन मागितली तर धाकटे मालक म्हणतात, आता सगळं क्लाउडवरच जाणार, कशाला खर्च? हिंजवडीतले मित्र म्हणतात, नेटवर्किंग संपलं, एआय शिक. गेल्या महिन्यात मुलाच्या बारशाला पाळण्याजवळून उठून मला कारखान्यात जावं लागलं. सोडून देऊ का? एकच आधार वाटतो, सगळे पासवर्ड माझ्या डोक्यात आहेत, त्यामुळे मला सहजासहजी कोणी काढणार नाही. — एकटा अ‍ॅडमिन"

प्रिय एकटा अ‍ॅडमिन,

मी तुझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठा, शिवाय त्याच धंद्यातला, म्हणून एकेरीत लिहितो. तुझ्या प्रश्नांकडे येतोच, पण आधी ते शेवटचं वाक्य घेऊ, ज्यात तू काही विचारलेलंच नाहीस. पासवर्ड डोक्यात आहेत म्हणून नोकरी पक्की. मलाही असंच वाटायचं.

पहिल्या नोकरीत तिसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. तिसऱ्याच दिवशी कंपनीची इंटरनेटची लीज लाईन गेली. व्हेंडरचा माणूस आला, राउटरचा पासवर्ड मागू लागला, आणि तो ठाऊक फक्त मला. मी दवाखान्यातल्या कॉटवरून फोनवर एकेक अक्षर सांगतोय, पलीकडे स्टोअरचा पोरगा टाईप करतोय. "कॅपिटल एस, मग स्मॉल एन, मग अ‍ॅट." "अ‍ॅट म्हणजे ए टी का साहेब?" तीनदा चुकलं आणि राउटरने दारच लावून घेतलं. शेवटी बायकोने मला रिक्षात घातलं आणि कंपनीत नेलं. पिवळ्या डोळ्यांनी सर्व्हर रूमच्या फरशीवर बसून मी कन्सोल केबल जोडली. सगळे म्हणाले, तुमच्याशिवाय पान हलत नाही बुवा. मी खूश! त्यातली गोम कळायला मला आणखी चार वर्षं लागली, आणि तोवर दोन वेळा काढलेली कोकणची तिकिटं रद्द करून झाली होती.

बारशाच्या दिवशी तुला उठवलं ते याच गोष्टीने. दुसऱ्या कोणाला काही माहीतच नाही, तर फोन तुलाच येणार. आणि मालक मंडळींचं सांगतो. एकाच माणसावर सगळं अडलंय हे ज्या दिवशी त्यांच्या नीट ध्यानात येतं, त्या दिवशी ते त्याचा पगार वाढवत नाहीत, बाहेरची एजन्सी शोधायला लागतात. दोन ठिकाणी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका ठिकाणी ती एजन्सी आमचीच होती, हे कबूल करायला हवं.

तेव्हा या आठवड्यात एक काम कर. कीपाससारखा फुकट मिळणारा पासवर्ड मॅनेजर घे, सगळे पासवर्ड त्यात भर, आणि त्याची मुख्य किल्ली कागदावर लिहून लिफाफ्यात घाल. लिफाफा बंद करून जोडावर सही कर आणि मोठ्या मालकांच्या तिजोरीत ठेवायला दे. पोच घे. सोबत एक वही: कुठला स्विच कुठल्या रॅकमध्ये, कुठली केबल कुठे जाते, इंटरनेटवाल्याचा ग्राहक क्रमांक काय, यूपीएसची एएमसी (देखभालीचा करार) कोणाकडे, फायरवॉलचं लायसन्स कधी संपतं. ही वही नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवू नकोस. छापून ठेव. का ते सांगतो, कारण तुझ्या बॅकअपच्या भांडणाचं उत्तरही तिथेच आहे.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीत शिरला. आपल्याकडे जेएनपीटीत त्यांचं टर्मिनल आहे, तेही बसलं, कंटेनरचे ट्रेलर खोळंबले. मर्स्कला नंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. सर्व्हरचे बॅकअप त्यांच्याकडे होते. पण कोण कर्मचारी, कोणाला कुठे प्रवेश, याची नोंद ठेवणारे जे डोमेन कंट्रोलर असतात, ते जगभरात दीडशेच्या आसपास होते आणि एकमेकांशी सतत जुळलेले. एक गेला तर दुसरा आहेच, हाच त्यांचा बॅकअप. सगळे एकदम पुसले जातील हा विचार कोणी केला नव्हता. वाचला फक्त एक, घानामधला. का वाचला? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. आपल्याकडे लोडशेडिंगला शिव्या घालण्यात एक पिढी गेली, आणि तिकडे एवढी मोठी कंपनी त्यावर तरली. त्यातही घानाहून लाईन इतकी मंद की डेटा इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस गेले असते. तिथल्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग त्याने नायजेरियातल्या विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात हार्ड डिस्क दिली आणि ती विमानाने लंडनला गेली.

माझ्या मते बॅकअपवर दिवसभराचं व्याख्यान देण्यापेक्षा ही एक गोष्ट मालकांना चहाच्या वेळी सांगावी. जी प्रत कायम वायरीला जोडलेली आहे, ती मूळ फाईलबरोबरच मरते. तुझ्याकडे काय असणार याचा मी अंदाज करतो: एक नॅस (नेटवर्कला जोडलेली सामायिक डिस्क), ती सगळ्यांच्या मशीनवर झेड ड्राइव्ह म्हणून लावलेली, आणि रात्री टॅलीचा फोल्डर त्यावर कॉपी होतो. रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, अकाउंट्सच्या बाईंच्या मशीनवर आलं की ज्या हक्काने त्या झेडवर फाईल ठेवतात, त्याच हक्काने ते तिथल्या फाईली लॉक करणार. म्हणून निदान दोन पोर्टेबल डिस्क घे. एक आठवडा एक, पुढच्या आठवड्यात दुसरी, आणि जी वापरात नाही ती काढून कपाटात. कपाट दुसऱ्या इमारतीत असलं तर उत्तम. यासाठी वेगळी मशीनही लागत नाही, धाकट्या मालकांना सही करायला जड जाऊ नये एवढाच खर्च आहे. मशीन पुढच्या बजेटला माग.

आणि रिस्टोअर करून बघ. मागे मी एका कंपनीत बॅकअपचा अहवाल रोज सकाळी बघायचो, हिरवी टिकली, 'यशस्वी'. आठ महिने हिरवी. एक दिवस खरोखर गरज पडली तेव्हा कळलं, नवी आवृत्ती टाकताना अकाउंट्सचा डेटा दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला होता आणि आम्ही इमानेइतबारे रिकामा फोल्डर साठवत होतो. सॉफ्टवेअर खोटं बोललं नव्हतं. रिकामा फोल्डर यशस्वीपणे कॉपी झाला होता. फाईल उघडून, त्यातलं गेल्या गुरुवारचं व्हाउचर डोळ्यांनी दिसेपर्यंत मी आता कोणाला 'बॅकअप आहे' म्हणत नाही.

कुलपाची किल्ली त्याच कपाटात ठेवण्याची खोड मोठमोठ्यांना आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सहाएक तास बंद होतं, आठवत असेल. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांची आपापली डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली, आणि बिघाड दुरुस्त करायची साधनंही त्याच नेटवर्कवर होती. शेवटी माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने ८५ लाख विंडोज मशिन्स निळ्या पडल्या, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल काढायची. पण डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप लावलेलं असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टाका, आणि कित्येकांच्या त्या किल्ल्या बंद पडलेल्या सर्व्हरवरच. म्हणून म्हणतो, वही छाप.

आता मोठे मालक आणि रिमोट डेस्कटॉप. इथे मी अजिबात मवाळ नाही. नाही म्हणजे नाही. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं नंबर घातलेलं दार, इंटरनेटवर उघडलास की जगभरचे स्कॅनर तो काही वेळातच हुडकतात आणि रात्रंदिवस पासवर्ड लावून बघत बसतात. नंबर बदलून ३३८९० केला तरी फार फरक पडत नाही, स्कॅनरला सगळी दारं ठोठवायला कंटाळा येत नाही. पण मालकांना नुसतं 'नाही' सांगू नकोस. त्यांना पोर्ट नकोय, त्यांना रात्री जेवण झाल्यावर आजचं येणं बघायचंय. ती गरज रास्त आहे. व्हीपीएन (इंटरनेटमधून कारखान्यापर्यंतचा कुलूपबंद बोगदा) लावून दे, त्यावर मोबाईलचा ओटीपी ठेव, त्यांच्या लॅपटॉपवर एक आयकॉन. पहिल्या दिवशी स्वतः घरी जाऊन शिकव. (चहा नक्की मिळतो, कधी कधी पगारवाढीचा विषयही तिथेच निघतो.) मात्र व्हीपीएन लावला की झालं असंही नाही. गेल्या काही वर्षांत फायरवॉलच्या व्हीपीएनमध्येच मोठी भोकं सापडली आहेत. फायरवॉलचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं सॉफ्टवेअर, महिन्यातून एकदा तपासायचं, दुसरा शनिवार ठरवून टाक.

तरीही 'मी सांगतोय ना, उघड' म्हणाले, तर मेल लिही. भाषा साधी: आपल्या सूचनेनुसार अमुक पोर्ट उघडत आहे, यातून सर्व्हर लॉक होण्याचा धोका आहे, आपली संमती कळवावी. दहापैकी आठ वेळा त्या मेलला उत्तरच येत नाही आणि विषय मिटतो. त्याच मेलमध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा उल्लेख कर. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे, हे खासगी कंपन्यांनाही लागू आहे. सरकारी कागद म्हटला की आपल्याकडे मालक चष्मा शोधतात.

एक गोष्ट अजून, मालकांशी बोलायच्या भाषेबद्दल. 'सर्व्हर डाऊन' म्हणू नकोस, त्यांना त्याचं काही वाटत नाही. 'ई-वे बिल निघत नाही, पाच गाड्या गेटवर उभ्या आहेत' म्हण. एकदा डिस्पॅचच्या माणसाला विचार, तासभर नेट नसलं तर किती माल अडतो. तो आकडा कोटेशनच्या पहिल्या ओळीत लिही, हार्डवेअरची किंमत खाली.

धाकटे मालक क्लाउड म्हणतात ते सगळंच चूक नाही. ईमेल आजही स्वतःच्या सर्व्हरवर चालवत असशील तर उद्याच्या उद्या हलव, तो छळ कोणीही सोसू नये. अकाउंट्सही जाऊ शकेल. सीएनसी मशीनला जोडलेले ते विंडोज सातचे डबे कुठेही जाणार नाहीत, कारण मशीन बनवणाऱ्याने नवीन विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर दिलेलंच नाही. त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कमध्ये, टाक, इंटरनेट बंद, पेनड्राइव्ह बंद. वॉनाक्राय या रॅन्समवेअरची आठवण ठेव: १२ मे २०१७ ला तो पसरला, आणि त्या भोकावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने होते. तुझे डबे तर आता पॅचच्याही पलीकडे गेलेत.

पण क्लाउडवर गेल्यावर बॅकअप नको, हे मात्र त्यांच्या मनातून काढ. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरलं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तोडलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, त्यात सहकारी बँका आल्या, एटीएम आणि यूपीआय व्यवहार थांबले. त्या बँकांनी स्वतःच्या घरात काही चूक केलेली असो वा नसो, त्यांचा ग्राहक काउंटरवर त्यांच्यापुढेच उभा राहिला. सांगलीकरांना बँकेच्या काउंटरची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मित्रांचं आणि एआयचं. हिंजवडीचे मित्र काय करतात ते तू लिहिलं नाहीस, पण दर पाच वर्षांनी कोणीतरी मला नेटवर्किंग संपल्याचं सांगतो. आयपीव्ही ६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, तिचं मानक १९९८ चं. 'आता दोन वर्षांत आयपीव्ही ४ जाणार' हे मी पहिल्या नोकरीपासून ऐकतोय. तुझ्या मोबाईलवर जिओ असेल तर तो रोज आयपीव्ही ६ वर चालतोय, आणि तुझा कारखाना पैजेवर सांगतो १९२.१६८.१ या आयपीव्ही ४ च्या जुन्या पत्त्यांमध्येच बसलाय. दोन्ही सुखाने नांदतात.

परवाचीच गोष्ट. एका ऑफिसात सगळं नेट गुडघ्यावर आलं. तिथला नवा पोरगा एआयला विचारत होता, त्याने डीएनएस बदल, डीएचसीपी तपास, राउटर रिसेट कर, अशी चांगली दोन पानं सुचवली होती. मी स्विचचे दिवे बघितले. सगळे एकत्र, वेड्यासारखे लुकलुकत होते. टेबलाखाली एक छोटा स्विच, आणि झाडलोट करताना कोणीतरी लोंबणारी पॅच कॉर्डची मोकळी बाजू 'निघालीय वाटतं' म्हणून त्याच स्विचमध्ये खोचलेली. लूप, वायरीचं बंद वर्तुळ. आयपीच्या पाकिटाला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, आयुष्य असतं, काही टप्पे झाले की ते संपतं. इथरनेटच्या फ्रेमला तसं काही नाही, ती फिरतच राहते आणि ब्रॉडकास्ट असली तर तिच्या प्रती वाढत जातात. यावरचा उपाय रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये शोधला, स्पॅनिंग ट्री. टेबलाखालच्या स्वस्त डब्यात तो नसतो, आणि वरच्या मोठ्या स्विचमध्ये कोणीतरी बंद करून ठेवलेला होता. एआयला टेबलाखाली वाकता येत नाही, हा दोष मी त्याला देत नाही. पण दिवे कसे लुकलुकत आहेत हे त्याला सांगायला आधी ते बघायचं सुचलं पाहिजे.

मी स्वतः एआय वापरतो. पाचशे ओळींचा लॉग चाळायला, स्क्रिप्ट लिहायला, इंग्रजी मेल नीट करायला. तीन वर्षांपूर्वी अर्धा दिवस जायचा त्या कामाला वीस मिनिटं लागतात. मात्र कधीकधी तो अस्तित्वात नसलेली कमांड छातीठोकपणे देतो, म्हणून चालू फायरवॉलवर तशीच चिकटवू नकोस. आणि कंपनीचं कॉन्फिगरेशन पासवर्डसकट त्यात टाकू नकोस. एआयमुळे झालेला खरा बदल तुझ्या अकाउंट्स विभागात आहे. पूर्वी खोटा मेल इंग्रजीच्या चुकांवरून ओळखू यायचा. आता 'आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट इथे करावं' हा मेल नेहमीच्या पुरवठादाराच्याच भाषेत, अगदी सफाईदार येतो. अकाउंट्सच्या बाईंना एकच सवय लाव: खातं बदललं म्हटलं की डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. आणि तू दर महिन्याला सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावत असशील तर ते थांबव. गणपती@१२३ चा गणपती@१२४ होतो, बाकी काही होत नाही. अमेरिकेच्या निस्ट संस्थेनेही २०१७ मध्ये हा आग्रह सोडायला सांगितलं. लांब पासवर्ड, वर ओटीपी, आणि फुटल्याचा संशय आला तरच बदल.

शिकायचंच असेल तर लिनक्स शिक, थोडं पायथन, आणि वायरशार्क हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून पाकिटं वाचायला शिक. रोज अर्धा तास, तुझ्याच नेटवर्कवर. सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा कर, चांगली आहे, पण प्रश्नांचे डंप (फुटलेले प्रश्नसंच) पाठ करून नको. मुलाखतीत मी पहिलाच प्रश्न त्यासाठी विचारतो: एकाच सबनेटमधल्या (नेटवर्कच्या एकाच तुकड्यातल्या) दोन मशीन एकमेकांशी बोलताना राउटर लागतो का? डंपवाले इथे घुटमळतात.

सोडावं की नाही. माझं मत, आत्ता नाही. लिफाफा, वही, डिस्क, व्हीपीएन एवढं सहा महिन्यांत कर, आणि मग एक मदतनीस माग, आयटीआयचा मुलगा चालेल. वही तयार असली तर तो पंधरा दिवसांत हाताशी येईल आणि सुटीच्या दिवशी पहिला फोन त्याला जाईल. सहा महिन्यांनी मदतनीसही नाही, डिस्कही नाही, आणि पोर्ट उघडा, अशी अवस्था असेल तर निघ. तेव्हा ती वही मात्र नीट सोपवून निघ, पासवर्ड घेऊन जाऊ नकोस. सांगली-कोल्हापुरात हा धंदा लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि नवा मालक जुन्या मालकाला फोन करतोच.

बाळाला आशीर्वाद. नाव काय ठेवलं ते लिहिलं नाहीस. पासवर्डमध्ये वापरलेलं नसेल अशी आशा करतो.

ता. क. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) मोबाईलवर दिसावा म्हणून तो लावणाऱ्याने नक्कीच राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवला असेल, आणि पासवर्ड बनवणाऱ्या कंपनीने दिला तोच असेल. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने (व्हायरसने ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने) असलेच डीव्हीआर आणि कॅमेरे जमवून अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट्स आडव्या केल्या होत्या. आज संध्याकाळी तो पोर्ट बंद कर, पासवर्ड बदल, डीव्हीआर वेगळ्या व्हीलॅनवर टाक. आणि त्याचं घड्याळ लाव. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक कारखान्यांत ते चुकीचं असतं, एका ठिकाणी तर अकरा महिने मागे होतं. चोरी झाली तेव्हा फुटेज होतं, पण पोलिसांना ते गेल्या वर्षीच्या गणपतीतलं वाटलं.